टिपी तंबू घेताय? खांब मधोमध, मग दोघं झोपणार कुठं?

बेळगावच्या टिळकवाडीहून एका वाचकांनी लिहिलंय:

"आम्ही नवरा-बायको डिसेंबर-जानेवारीत गाडी काढून कानकुंबी, जांबोटी, चंदगड या बाजूला ओळखीच्यांच्या शेतात तंबू टाकून राहतो. आत्ताचा तंबू दोन माणसांचा, घुमटाकार आणि बुटका. बसलं की डोकं छताला लागतं, पहाटे आतून पाणी ठिबकतं. हिनं सांगून टाकलंय, उभं राहून कपडे बदलता येतील असा तंबू आणलात तरच मी येणार. व्हिडिओंत टिपी पद्धतीचे तंबू बघितले. मधोमध एक खांब, आत लाकडाची शेगडी, वर धुराडं. सहा बाजूंचा, ३.६ मीटर व्यासाचा, २.२ मीटर उंचीचा, 'चार माणसांसाठी' असं लिहिलेला एक मनात भरलाय. कापड सुती घ्यावं की नायलॉन? तळ असलेला की नसलेला? शेगडी घ्यावी का? फेब्रुवारीत गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली आणि पुढं उत्तराखंडात चोपत्याला बर्फात जायचाही विचार आहे. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग सगळं धरून ३५ हजार बाजूला काढलेत. माझी उंची पाच फूट आठ इंच, हिची पाच फूट दोन."

आणि खाली वेगळ्या अक्षरात एक ओळ: "रात्री उठून शेगडीत लाकडं कोण घालणार, तेवढं विचारा."

उत्तर:

खालची ओळ आधी घेतो, कारण निम्मा निर्णय तिथंच आहे. वहिनी, रात्री उठून लाकडं कुणीच घालायची नाहीत. तंबूत मावणारी शेगडी बुटांच्या खोक्याएवढी असते. चांगलं वाळलेलं लाकूड भरलं तरी पाऊण तास, फार तर तासभर जळते. विझली की दहा-पंधरा मिनिटांत आतली हवा बाहेरच्यासारखी गार. त्यामुळं शेगडी संध्याकाळी हात शेकायला आणि चहा टाकायला बरी, पण पहाटे चारची थंडी ती काढत नाही. ती काढायची अंगाखालच्या आणि अंगावरच्या गोष्टींनी, आणि त्या गोष्टींना तुमच्या पत्रात एका वाक्यातला एक कोपरा मिळालाय.

व्हिडिओंत टिपी ऊबदार दिसते याचं कारणही समजून घ्या. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांची मूळ टिपी डझनभर किंवा जास्त खांबांची, आधी गव्यासारख्या बायसनच्या कातड्यांची आणि पुढं जाड कॅनव्हासची असे. तिला आतून माणसाच्या छातीपर्यंत वेगळं अस्तर लावत. बाहेरची हवा आवरण आणि अस्तर यांच्या फटीतून वर चढे, मधल्या चुलीचा धूर आपल्याबरोबर शेंड्यातून बाहेर नेई, आणि झोपलेल्या माणसाला झोत लागत नसे. आपल्याला बाजारात मिळतो तो एका खांबाचा, पातळ कापडाचा, अस्तर नसलेला तंबू. आकार तेवढा टिपीचा, बाकी व्यवस्था गायब. तुम्ही सांगता त्या मापात साधारण सहा घनमीटर हवा मावते, म्हणजे आत्ताच्या बुटक्या तंबूच्या दुप्पट-तिप्पट. एवढी हवा दोघांच्या अंगच्या उष्णतेनं तापत नाही, आणि जी तापते ती शेंड्याला जाऊन बसते. शेगडीशिवायची टिपी तुमच्या जुन्या तंबूपेक्षा रात्री थोडी गारच लागेल, हे धरूनच चला.

मग घ्यायचीच कशाला? उभं राहता येतं म्हणून, वारा कुठूनही आला तरी उताराच्या भिंतींवरून निसटतो म्हणून, आणि पाऊस-धुक्यात दोन माणसं आत बसून राहू शकतात म्हणून. ही कारणं पुरेशी आहेत. वहिनींची अट तर मला सगळ्यात रास्त वाटते. वाकून पँट चढवण्याचा प्रकार तिशीत गमतीचा असतो, पुढं नाही.

आता मापं. 'चार माणसांसाठी' हे शब्द विसरा. तिरप्या भिंतींच्या तंबूत जमिनीचं क्षेत्रफळ फसवं असतं. तुम्ही जमिनीवर झोपत नाही, जमिनीपासून वर झोपता. मॅटची जाडी, त्यावर पाय, त्यावर स्लीपिंग बॅगचा फुगवटा, सगळं मिळून ४० सेंटिमीटर होतात. त्या उंचीवर भिंत किती आत आली आहे ते बघायचं. हिशेब सोपा आहे. उंची २.२ मीटर असेल तर ४० सेंटिमीटरवर तंबू जमिनीवरच्या मापाच्या ८२ टक्के उरतो. आता एक खडू आणि सुतळी घेऊन गच्चीवर जा. १.८ मीटरच्या सुतळीनं वर्तुळ काढा, तीच सुतळी परिघावर सहा वेळा टाका, खुणा जोडा. हा झाला तंबूचा तळ. त्याच मध्यातून १.४७ मीटरच्या सुतळीनं दुसरा षटकोन काढा, बाजू पहिल्याला समांतर ठेवून. हा आतला षटकोन म्हणजे तुमची खरी खोली. घरातल्या सतरंज्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या घडी करून त्यात टाका आणि दोघं आडवे व्हा. शेजारचे बघतील, बघू देत की.

तिथं दोन गोष्टी लगेच दिसतील. पहिली, झोपायची दिशा. मधल्या खांबाच्या दोन्ही अंगांना एकेक मॅट टाकली तर मॅटची बाहेरची कड मध्यापासून सुमारे ७० सेंटिमीटरवर येते. डोकं एका सपाट बाजूला आणि पाय समोरच्या सपाट बाजूला केले, तर त्या कडेलाही २.५५ मीटर लांबी मिळते. तुमच्या उंचीची स्लीपिंग बॅग दोन मीटरच्या थोडी वर जाते, म्हणजे डोक्याशी आणि पायाशी वीत-वीत जागा सुटते. उलट डोकं कोपऱ्याकडं आणि पाय समोरच्या कोपऱ्याकडं केले, तर त्याच कडेला जेमतेम २.१३ मीटर उरतात आणि बॅगेचं टोक रात्रभर ओल्या कापडाला चिकटून राहतं. तंबू तोच, माणसं तीच, नुसती दिशा बदलायची. म्हणून विकत घेण्याआधी दार कुठल्या बाजूला आहे ते बघा. सपाट बाजूला दार असेल तर उशाला किंवा पायथ्याला दार येईल असं झोपू नका. तीन जोड्यांपैकी दार नसलेली जोडी निवडा.

दुसरी गोष्ट खांबाची. तो दोघांच्या बरोबर मध्ये येतो. काही जोडप्यांना त्याचं काही वाटत नाही. थंडीत मात्र दोन मॅट चिकटवून टाकल्या आणि वरून एक मोठी रजई घेतली तर जी ऊब मिळते, ती खांब मिळू देत नाही. यावर उपाय आहे: उलट्या व्हीच्या आकाराचा, दोन पायांचा खांब. तो शेंड्याला एकत्र येतो आणि पाय दोन बाजूंना भिंतीलगत जातात. वजन किलोभर वाढतं, पण मधली जागा मोकळी होते, मॅट जोडून टाकता येतात आणि वाऱ्यातही एका दिशेनं तंबू जास्त घट्ट राहतो. काही कंपन्या असा खांब वेगळा विकतात. तुम्ही गाडीनं जाणार, तेव्हा मी हाच घेईन. एकच खांब असेल तर त्याच्या बुडाखाली फळीचा तुकडा किंवा जाड रबर ठेवा. पावसानंतरच्या मऊ मातीत खांब रुततो आणि पहाटेपर्यंत सगळा तंबू ढिला पडतो.

अर्धी खोली पडद्यानं वेगळी करून अर्ध्यात झोपायचं आणि अर्ध्यात चपला, भांडी ठेवायची, असे फोटो फार देखणे असतात. ३.६ मीटरच्या तंबूत दोघांसाठी ते होत नाही. दोन्ही मॅट खांबाच्या एकाच अंगाला टाकल्या की बाहेरच्या मॅटची कड १.३० मीटरवर जाते, आणि ४० सेंटिमीटर उंचीवर त्या बाजूची भिंत १.२८ मीटरवरच संपलेली असते. म्हणजे बाहेरच्या माणसाच्या तोंडावर कापड. तो बाहेरचा माणूस कोण असतो ते मी सांगायला नको.

उभं राहण्याचंही खरं सांगतो. २.२ मीटर उंचीत वहिनी मध्यापासून साधारण हातभर, ४५-५० सेंटिमीटरपर्यंत ताठ उभ्या राहतील. तुम्ही ३५. नाचता येणार नाही, पण कपडे बदलता येतील. दोन पायांचा खांब असेल तर ही मधली जागा पूर्ण हाताशी येते, एक खांब असेल तर त्याला मिठी मारून बदलावे लागतील. २.४ मीटर उंचीचा मिळाला तर उत्तम, फक्त उंची वाढली की वारा जास्त खातो.

आता हाच खडूचा षटकोन शेगडीसाठी वापरून बघा. मॅटच्या कडेपासून अर्धा मीटर अंतर, मग शेगडीची २५ सेंटिमीटर रुंदी, मग मागच्या कापडापासून निदान ४० सेंटिमीटर. बेरीज तंबूच्या बाहेर जाते. नायलॉन सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळतं, आणि पेटलेल्या शेगडीच्या पत्र्याला तेवढं तापायला वेळ लागत नाही. दोन माणसं आणि शेगडी सुरक्षितपणे मावायला साडेचार-पाच मीटर व्यासाचा, ज्यावर सहा-आठ माणसं लिहिलेलं असतं असा तंबू लागतो. तो टाकायला जागा मोठी, खांब उंच, वजन दुप्पट. तुम्ही निवडलेल्या मापात शेगडी बसते ती फक्त व्हिडिओत, जिथं माणूस एकटा असतो आणि कॅमेरा कोपऱ्यात.

त्यापुढचा मुद्दा श्वासाचा. जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या उत्तरेतून दर हिवाळ्यात येतात. तंबूला फटी असतात म्हणून धोका नाही असं समजू नका. दवानं भिजलेलं कापड हवा अडवतं, आणि बर्फ पडला तर खालची फट आपोआप बुजते. धुराडं नसलेली कसलीही शेगडी, कोळशाची असो, गॅसचा हीटर असो, घमेल्यातले निखारे असोत, तंबूत नकोच. पुढंमागं मोठा तंबू घेऊन शेगडी लावलीतच, तर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, खाली आणि वर उघडी हवेची वाट, धुराड्याच्या टोकाला ठिणगी अडवणारी जाळी आणि झोपण्याआधी पूर्ण विझवणं, यातलं एकही सोडू नका.

उद्यमबागेत ओळखीच्या शीट मेटलवाल्याकडून शेगडी करून घ्यायचा विचार बेळगावकराच्या मनात येणारच. करून देतीलही, छान. पण जीआय पत्रा किंवा जीआय पाइप वापरू देऊ नका. त्यावरचा जस्ताचा थर तापला की विषारी धूर देतो. स्टेनलेस स्टीलच घ्या, आणि पहिली दोन-तीन पेटवणी मोकळ्यावर करा. अर्थात हे अंगणासाठी. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर जाळाचं नावच काढू नका. २०११ मध्ये ते अभयारण्य झालं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला किंवा पेटती ठेवायला मनाई आहे. धुराडं असलं तरी ती चूलच. खानापूर तालुक्यात शेत कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं हे आपल्याला डोळ्यांनी कळत नाही, म्हणून शेतमालकाला आणि वनखात्याच्या माणसाला विचारूनच तंबू टाका.

शेगडी गेली की कापडाचा प्रश्न लवकर सुटतो. सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचे मोठे गुण दोन. ठिणगी पडली तर बारीक भोक पडून थांबतं, आणि कापड श्वास घेतं म्हणून आत ओल कमी धरते. पण तुमच्या मापाला साडेचौदा चौरस मीटरच्या आसपास कापड लागतं. मिश्र कापड चौरस मीटरला ३०० ग्रॅम धरलं तरी नुसतं कापड साडेचार किलो, खांब-मेखा धरून सात-आठ किलो, आणि भिजलं की विचारू नका. शिवाय आपल्याकडं जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं सुती तंबू टिकवायचा म्हणजे एक काम मागं लावून घेणं. नायलॉन हलकं आणि चिवट, पण भिजलं की सैलावतं, मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. सिलिकॉन चढवलेलं पॉलिएस्टर घ्या. ते भिजून फारसं ताणत नाही. पाणी अडवण्याचा आकडा, म्हणजे कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं तो, दोन हजार मिलिमीटरच्या वर असला की पुरे, त्यापुढच्या आकड्यांना पैसे मोजू नका.

पहाटेच्या ठिबकण्याबद्दल. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं, आणि ते गार कापडाला आतून धरतं. टिपीतही हे होणारच. फरक एवढाच की उभ्या उतारावरून थेंब अंगावर न पडता खाली ओघळतो, तोही कापडाला धक्का लागला नाही तर. शेंड्याशी बंद न होणारा झरोका असलेलाच तंबू घ्या, आणि खाली चार बोटं फट ठेवून मेखा ठोका. काही तंबूंना खालून झालर असते. ती बर्फातल्या वाऱ्यासाठी. कानकुंबीच्या धुक्यात ती जमिनीला चिकटवून ठेवलीत तर आत पाऊस पडेल.

तळ जोडलेला नको. बाहेरचं आवरण वेगळं, आणि आत टोपलीसारखी कड उचललेला तळ असलेली जाळीची खोली वेगळी अडकवता येते, असा घ्या. त्याला दुकानदार इनर म्हणतात. आवरण ओलं झालं तरी जाळीमुळं अंगाला लागत नाही, आणि उरलेल्या कोपऱ्यांत मातीवर चपला, पाण्याचा कॅन, चिखलाचे पाय सगळं राहतं. इनर मिळाला नाही किंवा फार महाग पडला, तर चांगली ताडपत्री आणि डबल बेडची मच्छरदाणी शेंड्याला अडकवून तिची कड मॅटखाली दाबा. पैशाच्या मानानं हे चांगलं जमतं. अगदी उघड्या जमिनीवर मात्र आपल्या भागात झोपू नका. थंडीत विंचू, गोम कमी दिसतात, पण अंथरुणात शिरू शकतात, आणि घोणस तर थंडीतही बाहेर हिंडते.

मेखांवर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण टिपी घेतलेल्या माणसाची फजिती तिथं होते. तुमचा घुमट त्याच्या वाकवलेल्या काड्यांवर स्वतः उभा राहतो, मेख निघाली तरी फार बिघडत नाही. टिपी मेखांवरच उभी असते. एक मेख सुटली की एक बाजू लोळते, वाऱ्यात दोन सुटल्या की तंबू अंगावर. तंबूबरोबर येतात त्या काडीसारख्या ॲल्युमिनियमच्या मेखा खानापूर-चंदगडच्या जांभ्यात दुसऱ्या घावाला वाकतात. लोहाराकडून दहा मिलिमीटर सळईच्या, वीतभरापेक्षा लांब, वर आकडा वळवलेल्या मेखा करून घ्या, किंवा मांडववाल्याकडून जुन्या मागा. डझनभर असू द्यात. जिथं पूर्ण कातळ आहे, उदाहरणार्थ वैजनाथाच्या डोंगरावर, तिथं दोरी एका मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवायचा. गोकाक-बैलहोंगलच्या बाजूला काळी रानं जानेवारीपर्यंत भेगाळलेली असतात. मेख भेगेत सहज जाते आणि तितक्याच सहज निघते, म्हणून भेग टाळून, तिरपी आणि पूर्ण आत ठोका. सहा कोपऱ्यांखेरीज प्रत्येक बाजूच्या मध्यावर दोरी बांधायला कड्या आहेत का ते घेतानाच बघा. त्या ताणल्या की भिंत बाहेर ओढली जाते आणि आतला खडूचा षटकोन चांगला मोठा होतो. कड्या नसलेला तंबू स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

जागा निवडताना भाताची कापणी झालेली शेतं सपाट दिसतात म्हणून भुरळ घालतात. खाचरात आणि मलप्रभेच्या काठाला रात्री गार हवा उतरून साठते, धुकंही तिथंच बसतं. त्यापेक्षा थोडं वरचं, झाडाच्या आडोशाचं, काजूच्या बागेच्या कडेचं मैदान बघा. थंडीत आपल्याकडं पहाटेचा वारा बहुधा पूर्वेकडून येतो, तेव्हा दार पश्चिमेला. मालकानं दिलं तर ताडपत्रीखाली भाताचं पिंजर पसरा, घरात नसेल इतकी मऊ आणि ऊबदार जमीन होते, आणि धसकटं ताडपत्रीला टोचत नाहीत. चंदगड-आजऱ्याकडं रानटी हत्ती येतात, त्या दिवसांत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय उसाच्या आणि रानाच्या कडेला राहूच नका. केळी, गूळ, ऊस तंबूत ठेवायचा नाही, गाडीतही काच उघडी ठेवून नाही.

आता पैसे जिथं घालायचे ती गोष्ट. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली. या थंडीत माणूस गारठतो तो खालून. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाखाली दाबला जातो आणि त्यातली हवा निघून जाते, मग जमीन सरळ उष्णता खेचते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती उष्णता किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते. आपल्याकडच्या हिवाळ्याला तीनच्या आसपास पुरे, बर्फावर पाच-सहाच्या खाली जाऊ नका. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, म्हणून एक साधी फोमची आणि वर एक हवेची असा जोड सगळीकडं चालतो. हवेची पंक्चर झाली तरी फोमची राहते. गाडी आहेच, तर खाली एक घोंगडं टाका. आपल्या धनगरांचं घोंगडं यासाठी विकतच्या अनेक वस्तूंपेक्षा सरस, ओल धरूनही ऊब सोडत नाही.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे तीन आकडे असतात: कम्फर्ट म्हणजे आरामात झोप लागेल तो, लिमिट म्हणजे जेमतेम झोप लागेल तो, एक्स्ट्रीम म्हणजे नुसता जीव वाचेल तो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा तिसरा किंवा दुसरा छापतात. कम्फर्टचा आकडा ठरवताना सर्वसाधारण बाईचं अंग धरतात आणि लिमिटचा ठरवताना पुरुषाचं. म्हणजे तुम्ही लिमिट बघून दोन सारख्या बॅगा आणल्यात तर तुम्ही घोराल आणि वहिनी जाग्या राहतील. दोघांसाठीही कम्फर्टच बघा. बेळगावच्या परिसराला कम्फर्ट पाच अंशांची बॅग पुरते. एकमेकांना जोडता येणाऱ्या, डावी-उजवी चेन असलेल्या दोन घेतल्यात तर तो दोन पायांचा खांब सार्थकी लागेल.

चोपत्याबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. हा तंबू तिकडं नेऊ नका. चोपता सुमारे २,७०० मीटरवर, केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात आहे, आणि उत्तराखंड उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांत, म्हणजे तिथल्या उंचावरच्या गवताळ कुरणांत, रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली. मनाला येईल तिथं तंबू ठोकण्याची ती जागा नाही. फेब्रुवारीत रात्री पारा शून्याखाली चांगलाच उतरतो. तंबूबरोबरच्या मेखा बर्फात धरत नाहीत, रुंद पात्याच्या मेखा किंवा बर्फ भरून आडव्या पुरलेल्या पिशव्या लागतात, आणि भिंतीच्या पायथ्याशी साठलेला बर्फ रात्री उठून फावड्यानं काढावा लागतो. ते पहिल्या बर्फाच्या सहलीत शिकू नका. तिथं परवानगीच्या कॅम्पवर किंवा लॉजवर राहा. उणे तापमानाच्या बॅगा दिल्ली-डेहराडून-ऋषिकेशला भाड्यानं मिळतात, त्या घ्या, मॅट मात्र स्वतःच्या न्या. गॅसचा डबा गोवा एक्स्प्रेसमध्ये नेता येत नाही, रेल्वेत त्याला मनाई आहे. तिकडं घेतलात तर नुसत्या ब्युटेनचा घेऊ नका. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं आणि स्टोव्ह भकभकून विझतो. प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेला मागा.

म्हणजे ३५ हजारांतले तंबू, दुसरा खांब आणि इनर धरून निम्म्याच्या आत बसवा, बाकी सगळे मॅट आणि बॅगांवर. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि डाकखर्च आधी मिळवून बघा, स्वस्त दिसणारा तंबू तिथं महाग होतो. खडेबाजारात कुणी 'शिवून देतो की' म्हणालं तर ताडपत्री आणि दोऱ्या जरूर घ्या, तंबू नको. त्रिकोणी तुकड्यांच्या शिवणीवर ताण तिरका येतो, आणि ती शिवण टेप किंवा सिलिकॉन लावून बंद केलेली नसेल तर पहिल्या पावसात गळते.

आल्या आल्या तो गच्चीवर किंवा मोकळ्या प्लॉटमध्ये उभा करा, सगळ्या शिवणींवर पाइपनं पाणी मारा आणि आत जाऊन बघा. गळत असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत कळायला हवं. पहिली रात्र गावापासून फार लांब काढू नका. येळ्ळूरच्या बाजूला एखाद्या ओळखीच्या शेतात राहा. नाहीच जमलं तर अर्ध्या तासात घरी, आणि वहिनींना दुसऱ्यांदा विचारायची तुम्हाला सोय राहील.